तरुणांच्या मानवी हक्कांच्या प्रोजेक्टसाठी ग्रँट: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची

ग्रुप जमलेला असतो, विषय मनापासून पटलेला असतो, काम करायची तयारी असते, फक्त पैसे नसतात. मग कोणीतरी ग्रुपवर एका फंडरची लिंक टाकतं, डेडलाइन चार दिवसांवर आलेली असते आणि सगळे घाईघाईने फॉर्म भरायला बसतात. असं करू नका. फॉर्म भरणं हे या सगळ्यातलं शेवटचं काम आहे. आधीची कामं झालेली असली की फॉर्म दोन-तीन दिवसांत हातावेगळा होतो, आणि झालेली नसली तर महिनाभर बसलात तरी तो पोकळच राहतो, वाचणाऱ्याला पहिल्या पानातच कळतं ते. मी अशी बरीच प्रपोजल वाचलीयेत आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते चांगल्या ग्रुपचं चांगलं काम फक्त नीट मांडलं नाही म्हणून मागे पडतं तेव्हा. म्हणून हे सविस्तर लिहिते, क्रमाने जाऊ.

आधी प्रश्न पकडा

"तरुणांमध्ये मानवी हक्कांविषयी जागृती करणे" हा प्रश्न नाही, ही इच्छा झाली. प्रश्न म्हणजे कोणाला, कुठे, नेमकं काय मिळत नाहीये. एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा तुमच्या शहरात संकटात मदत मागायला सरकारी हेल्पलाइन आहे, पण ती फक्त आवाजी फोनवर चालते, मेसेज किंवा व्हिडिओ कॉलची सोय नाही. म्हणजे कर्णबधिर मुलामुलींवर प्रसंग आला तर त्यांनी करायचं काय? बघा, आता हे कोणालाही एका वाक्यात कळतं, आणि हक्काचा मुद्दा आपोआप समोर येतो.

मग तो हक्क कुठल्या दस्तऐवजात आहे ते शोधा. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात ३० कलमं आहेत, वाचायला अर्धा तास लागत नाही, ती पूर्ण वाचाच. त्यानंतर विषयाप्रमाणे करार बघायचे. मुलांचे हक्क असतील तर १९८९ ची बालहक्क संहिता, तिच्या कलम १२ मध्ये मुलांना स्वतःचं मत मांडायचा आणि ते विचारात घेतलं जाण्याचा हक्क दिलाय. सार्वजनिक कारभारात भाग घेण्याचा हक्क १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात कलम २५ मध्ये आहे. आपल्या उदाहरणाला २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार लागू पडतो, कलम ९ सोयी-सुविधा सगळ्यांना वापरता येण्याबद्दल आणि कलम २१ माहिती मिळण्याबद्दल. आणि आपल्या देशाने तो करार मान्य केलाय का हे पण बघून ठेवा, कारण केला असेल तर तुम्ही सरकारकडे मेहेरबानी मागत नाही, त्यांनी कबूल केलेलीच गोष्ट मागताय. एक-दोन कलमं नीट जोडली की पुरे. दहा करारांची यादी लावली की उलट असं वाटतं यांनी एकही वाचलेला नाही.

सहभाग म्हणजे खुर्च्या भरणं नाही

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, इथे जास्त वेळ द्या. बहुतेक प्रपोजलमध्ये लिहिलेलं असतं की "५० तरुण सहभागी होतील", आणि पुढे वाचलं की कळतं ते ५० जण भाषण ऐकायला बसणारेत. ही उपस्थिती झाली. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं, यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात ही शिडी असते, त्यामुळे स्टेजवर तरुणांच्या हातात फलक दिले की झाला सहभाग असं समजू नका.

मग सहभाग दाखवायचा कसा, तर सोपी पद्धत सांगते. एक कागद घ्या आणि प्रोजेक्टमध्ये कोणकोणते निर्णय होणारेत ते लिहा, विषय कोण ठरवणार, माहिती कोण गोळा करणार, अधिकाऱ्यांना भेटायला कोण जाणार, पैसे कुठे कमी-जास्त करायचे ते कोण ठरवणार, शेवटी काम जमलं की नाही हे कोण सांगणार. प्रत्येकासमोर नाव लिहा. सगळीकडे संस्थेतल्या मोठ्या माणसांचीच नावं आली तर प्रपोजल लिहायचं थांबवा आणि आधी प्रोजेक्ट बदला. आपल्या उदाहरणात कर्णबधिर तरुण स्वतः हेल्पलाइन वापरून बघणार, कुठे अडलं ते व्हिडिओवर नोंदवणार, मागण्या तेच ठरवणार आणि बैठकीत तेच बोलणार, सोबत दुभाषी असणार. ऐकू येणारी मंडळी मदतीला असतील, पण पुढे नाहीत. आणि हो, त्या तरुणांना प्रपोजल लिहितानाच बोलवा, ग्रँट आल्यावर नाही. मंजूर झाल्यावर "या आता सहभागी व्हा" म्हणणं हा त्यांचा अपमान आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

फंडर शोधताना

आता लिंका उघडा. पहिली गोष्ट बघायची ती वय, कारण "तरुण" म्हणजे कोण हे प्रत्येकाचं वेगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत तरुण म्हणजे १५ ते २४, पण त्यांच्याच सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या ठराव २२५० मध्ये, जो तरुण, शांतता आणि सुरक्षेबद्दल आहे, १८ ते २९ धरलंय, आणि आफ्रिकन युवा सनदेत १५ ते ३५. तुमच्या ग्रुपमध्ये सगळे ३२-३३ चे असतील तर एका ठिकाणी चालेल आणि दुसऱ्या ठिकाणी अर्ज न वाचताच बाजूला जाईल.

मग बघायचं की पैसे नेमके कोणाला देतात. काही नावं सांगते म्हणजे किती वेगवेगळे प्रकार असतात ते कळेल. युरोपियन युथ फाउंडेशन हा १९७२ पासूनचा कौन्सिल ऑफ युरोपचा फंड आहे, तो तरुणांच्या संस्थांना पैसे देतो, स्थानिक पातळीवरच्या छोट्या उपक्रमांनाही देतो, आणि मला त्यातली आवडणारी गोष्ट म्हणजे कोणाला ग्रँट द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत सरकारचे प्रतिनिधी आणि तरुणांचे प्रतिनिधी बरोबरीने बसतात. कौन्सिल ऑफ युरोप आणि युरोपियन युनियन यांची गल्लत करू नका, पहिल्यात ४६ देश आहेत, दुसऱ्यात २७, आणि पैशांच्या योजना वेगळ्या. युनियनची योजना म्हणजे इरॅस्मस प्लस, तिच्यातल्या युवा सहभागाच्या उपक्रमांत रजिस्टर नसलेला ग्रुपसुद्धा अर्ज करू शकतो, किमान चार जण हवेत आणि १३ ते ३० वयाचे. फ्रिडा हा तरुण स्त्रीवाद्यांचा फंड आहे, तिशीच्या आतल्या मुली, स्त्रिया, ट्रान्स व्यक्ती चालवतात अशा गटांसाठी, आणि तिथे अर्ज केलेले गटच एकमेकांचे अर्ज वाचून मत देतात. म्हणजे तिथे लिहिताना समोर अधिकारी नसतो, तुमच्यासारखाच दुसरा ग्रुप असतो, भाषा तशी ठेवायची. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी २००५ मध्ये सुरू झाला, तो नागरी संस्थांना मोठ्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या प्रोजेक्टसाठी पैसे देतो, पहिल्याच अर्जाला तिकडे जाऊ नका, आधी छोटं काम करून दाखवा.

याशिवाय तुमची नगरपालिका, दूतावासांचे छोटे निधी, खाजगी फाउंडेशन हे सगळं बघा. छोट्या रकमेला स्पर्धा कमी असते असं नाही पण हिशोब तरी आवाक्यात राहतो.

कॉलची, म्हणजे फंडरने अर्ज मागवल्याच्या जाहिरातीची, मार्गदर्शिका शब्द न् शब्द वाचा, दोघांनी वेगवेगळी वाचा आणि मग ताडून बघा. कोण पात्र आहे, कोणत्या देशातलं काम चालेल, कमाल रक्कम किती, कोणता खर्च चालत नाही, स्वतःचा वाटा किती घालायचा, निकाल कधी. निकालाला तीन-चार महिने किंवा जास्तही लागतात, म्हणून पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमासाठी आज अर्ज करण्यात काही अर्थ नाही. त्याच फंडरने मागच्या वर्षी कोणाला पैसे दिले ती यादी असतेच बहुतेक, ती चाळा, त्यांच्या कॉलमधल्या गोड शब्दांपेक्षा ती यादी जास्त खरं बोलते. शंका असेल तर मेल करा, पण "आम्हाला ग्रँट मिळेल का" असा नाही, "आमचा ग्रुप रजिस्टर नाही, यजमान संस्थेतर्फे, म्हणजे दुसऱ्या रजिस्टर संस्थेच्या नावाने, अर्ज चालेल का" असा, एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा. आणि अर्जासाठी फी मागितली, किंवा ग्रँट सोडवायला आधी काही रक्कम भरा असं म्हणाले तर सरळ बाहेर पडा, ती फसवणूक आहे.

फंडर आवडला म्हणून प्रोजेक्ट वाकवू नका. त्यांचा यंदाचा विषय हवामान आहे म्हणून हेल्पलाइनच्या कामात झाडं लावायचा एक दिवस घुसवला तर दोन्ही कामं बिघडतात.

कागदपत्रं आणि पैसे येणार कुठे

हे कंटाळवाणं आहे, पटकन सांगते, पण टाळू नका. रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र, नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी, संस्थेच्या नावाचं बँक खातं, मागच्या वर्षाचा हिशोब, हे एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. काही फंडर आधी पोर्टलवर संस्थेची नोंदणी करायला लावतात आणि ती तपासून मंजूर व्हायला दिवस लागतात, ते डेडलाइनच्या दिवशी होत नाही. रजिस्टर नसाल तर यजमान संस्था शोधा, म्हणजे पैसे त्यांच्या खात्यात येतील आणि काम तुम्ही कराल, पण किती टक्के त्या ठेवणार, किती दिवसांत पैसे पुढे देणार, हिशोब कोण लिहिणार आणि भांडण झालं तर काय हे लेखी घ्या, ओळख कितीही जुनी असली तरी.

परदेशातून पैसे येणार असतील तर आपल्या देशाचा कायदा आधी बघा. भारतात २०१० च्या परदेशी योगदान कायद्याखाली रजिस्ट्रेशन किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे आलेले पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत, म्हणजे यजमान संस्थेचा वरचा मार्ग तिथे परदेशी पैशांसाठी बंद आहे. इथिओपियात २००९ च्या कायद्याने १० टक्क्यांहून जास्त परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना हक्कांचं काम करायलाच बंदी होती, तो कायदा २०१९ मध्ये बदलला. कुठल्याही देशात असाल तरी जाणकार चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकिलाला विचारल्याशिवाय परदेशी ग्रँटच्या अर्जावर सही करू नका.

आता लिहायला बसा

एक वाक्य जवळून बघू. "या प्रकल्पाद्वारे तरुणांचे सक्षमीकरण होऊन समाजात समावेशकतेची भावना वृद्धिंगत होईल." यात काय होणारे? काहीच कळत नाही. हेच असं लिहा: "सहा महिन्यांत १२ कर्णबधिर तरुण हेल्पलाइन ठरलेल्या ६० प्रसंगांत वापरून बघतील, प्रत्येक वेळी उत्तर मिळालं का आणि किती वेळात ते नोंदवतील, आणि त्यावरून तीन मागण्या तयार करून हेल्पलाइन चालवणाऱ्या विभागाबरोबरच्या बैठकीत स्वतः मांडतील." आकडे आले, माणसं आली, क्रम आला, आणि शेवटी तपासता येईल असं काहीतरी हातात आलं. (हेल्पलाइन तपासताना खऱ्या अडचणीतल्या माणसाची लाइन अडू नये म्हणून वेळा विभागाशी बोलून ठरवायच्या, हे पण लिहा, त्यातून तुमचा विचार दिसतो.)

फॉर्ममध्ये दोन वेगळ्या गोष्टी विचारतात आणि नवीन लोक दोन्हीकडे तेच लिहितात. एक म्हणजे काय काय करणार, किती बैठका, किती प्रशिक्षणं. दुसरं म्हणजे त्याने बदललं काय. "चार बैठका झाल्या" हे पहिल्यात, "विभागाने मेसेजवर मदत सुरू करायचं लेखी मान्य केलं" हे दुसऱ्यात. बदल तुमच्या एकट्याच्या हातात नसतो, म्हणून "हेल्पलाइन बदलेल" असं वचन देऊ नका, "विभागाकडून लेखी उत्तर मिळवू आणि ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत प्रसिद्ध करू" इतपत बोला. परीक्षकाला मोठं स्वप्न नको असतं असं नाही, पण सहा महिन्यांत समाज बदलणार असं वाचलं की त्याचा पुढच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

बजेट

अनुभवी परीक्षक बरेचदा बजेट आधी उघडतात, आणि त्याचं कारण साधं आहे, मजकुरात काहीही लिहिता येतं पण पैसे जिथे जातात तिथेच खरं काम असतं. आपल्या उदाहरणाच्या बजेटमध्ये हॉल आहे, बॅनर आहे, जेवण आहे, पाहुण्यांचं मानधन आहे आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची ओळच नाही, तर संपूर्ण प्रपोजल तिथेच कोसळलं. मग सहभागावर कितीही पानं लिहा.

प्रत्येक ओळ फोड करून लिहा. "दुभाषी: २ जण × ४ बैठका × एका बैठकीचा दर", आणि शेजारच्या रकान्यात कारण, की लांब बैठकीत एकटा दुभाषी थकतो आणि अर्थ निसटायला लागतो, म्हणून दोघं आळीपाळीने काम करतात. "प्रवास: १२ जण × ४ फेऱ्या × सरासरी भाडं". दर अंदाजे ठोकू नका, दोन ठिकाणी विचारून घ्या आणि ते मेल जपून ठेवा. "इतर खर्च" नावाची गोल आकड्याची ओळ ठेवलीत तर तिथे प्रश्न येणारच.

तरुणांच्या प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीये. प्रवासाचे पैसे नंतर परत देऊ असं ठेवू नका, आधी द्या किंवा तिकीट तुम्ही काढा. ज्याच्या खिशात आज भाड्याचे पैसे नाहीत तो येणारच नाही, आणि मग तुमच्या बैठकीला फक्त बऱ्या घरची मुलं दिसतील आणि तुम्हाला वाटेल बाकीच्यांना रस नाही. तसंच कोणाला लहान बाळ असेल, कोणाला सोबत माणूस लागत असेल, कोणी दिवसभराची मजुरी बुडवून येत असेल, याची ओळ बजेटमध्ये घाला, बऱ्याच फंडरना ती चालते, विचारून घ्या फक्त.

न चालणारा खर्च मार्गदर्शिकेत असतोच, जुनं कर्ज फेडणं, जमीन-इमारत, करार व्हायच्या आधी झालेला खर्च ही नेहमीची नावं. स्वतःचा वाटा मागितला असेल तर तो रोखच हवा की वस्तू-सेवा चालतील ते बघा, कोणी हॉल फुकट दिला तर त्याचं पत्र घ्या. स्वयंसेवकांच्या वेळेची किंमत सुद्धा काही ठिकाणी वाटा म्हणून धरतात, युरोपियन युथ फाउंडेशन धरतं, पण मग कोणी किती तास दिले याची सहीसकट नोंद हवी. आणि पैसे एकदम येत नाहीत हे धरून चाला, पहिला हप्ता आधी येतो आणि शेवटचा रिपोर्ट मंजूर झाल्यावर, तेव्हा मधले महिने कसे निभावणार ते आजच ठरवा. अकाउंट्स बघणाऱ्याचे पैसे घालायला लाजू नका, फुकट हिशोब लिहिणारा मित्र परीक्षेच्या महिन्यात सापडत नाही.

सुरक्षितता

हक्कांचं काम म्हणजे कोणाला तरी प्रश्न विचारणं, आणि ज्याला विचारतो त्याला ते आवडेलच असं नाही. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांबद्दलचा जाहीरनामा मान्य केला, त्यात हे काम करणं हाच हक्क आहे असं म्हटलंय, पण कागदावरच्या हक्काने घरी येणारा फोन थांबत नाही. म्हणून ग्रुपने बसून बोला, कोणाचं नाव बाहेर जाणार, कोणाचा फोटो नको, घरच्यांना काय सांगायचं, धमकी आली तर पहिला फोन कोणाला. फोटोची परवानगी लेखी घ्या आणि नंतर नको म्हणाले तर काढून टाका. १८ च्या आतली मुलं असतील तर पालकांची संमती तर हवीच, पण त्या मुलाला विचारणंही तितकंच हवं, आणि त्याच्याशी कोणी वाईट वागलं तर तक्रार कोणाकडे करायची ते नाव पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत पाहिजे. फंडरचा लोगो लावल्याने तुमच्या भागात त्रास होणार असेल तर आधीच सांगा, बरेच जण लोगो न लावायची किंवा नाव जाहीर न करायची मुभा देतात. हे सगळं फॉर्ममधल्या जोखमीच्या रकान्यात लिहा. "कोणतीही जोखीम नाही" असं लिहिलेलं प्रपोजल मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं.

पाठवताना आणि पाठवल्यावर

विषय अजिबात माहीत नसलेल्या एका माणसाला वाचायला द्या आणि विचारा, आम्ही काय करणार ते सांग. त्याला सांगता आलं नाही तर दुरुस्त करा. मजकुरातले आणि बजेटमधले आकडे जुळतायत का बघा, एकीकडे १२ तरुण आणि दुसरीकडे १५ जणांचं जेवण असं राहून जातं. फॉर्म आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा, पोर्टल मधेच बंद पडतं. डेडलाइन कुठल्या टाइम झोनची आहे ते बघा आणि दोन दिवस आधी पाठवा.

मंजूर झालं तर करार पूर्ण वाचून सही करा. पहिल्या दिवसापासून बिलं, पावत्या, हजेरीच्या सह्या, बैठकीचं टिपण एका जागी ठेवा, रिपोर्टच्या आठवड्यात शोधू म्हटलं तर छापलेली पावती तोपर्यंत कोरी पडलेली असते, म्हणून मिळाल्या मिळाल्या फोटो काढून ठेवा. काही बदलायचं असेल, तारीख, जागा, एका ओळीतले पैसे दुसरीकडे, तर आधी मेल करून लेखी होकार घ्या, फंडर बहुतेक वेळा हो म्हणतात, त्यांना राग येतो तो नंतर कळल्याचा. रिपोर्टमध्ये न जमलेलं पण लिहा, विभागाने बैठकच दिली नाही तर तसं लिहा, किती पत्रं दिली ती जोडा.

नाकारलं गेलं तर, पहिल्यांदा बहुतेकांचं जातंच, परीक्षकांचे शेरे मागा. काही ठिकाणी गुणांसकट मिळतात, काही ठिकाणी दोन ओळी येतात, पण मागितल्याशिवाय काहीच येत नाही. शेरे ग्रुपबरोबर वाचा, कर्णबधिर मुलामुलींसकट सगळ्यांनी मिळून, आणि बघा की आक्षेप लिखाणावर आहे, पात्रतेवर आहे की मूळ प्रोजेक्टवर. लिखाणावर असेल तर पुढच्या कॉलला सुधारून पाठवा, पात्रतेवर असेल तर दुसरा फंडर शोधा, आणि मूळ प्रोजेक्टवर असेल तर निर्णयांचा तो कागद पुन्हा काढून बसा. दरम्यान हेल्पलाइनच्या विभागाला पहिलं पत्र द्यायला ग्रँट लागत नाही, ते या आठवड्यातच देऊन पोच घेऊन ठेवा, पुढच्या अर्जाला जोडता येईल.